बिलावरचा रिकामा रकाना

मित्रांनो, पोस्ट लांब आहे. मृग तोंडावर आलाय म्हणून आत्ताच लिहितोय. वाचून झाल्यावर आपल्या घरातलं, भावकीतलं जे कोणी बियाणं आणायला जाणार असेल, त्याला पाठवा.

परवा रात्री साडेदहापर्यंत मी मेहुण्याच्या कृषी सेवा केंद्रात बसलो होतो. शटर अर्धं खाली, काउंटरवर चहाचे दोन रिकामे कप, समोर बिलिंगचा कॉम्प्युटर. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये 'ऑर्डर तपासणी' असं एक पान असतं. ऑर्डर घेतल्यावर बिल निघण्याआधी कॉम्प्युटरने काय काय तपासायचं, ते तिथे ठरवायचं. प्रत्येक ओळीसमोर तीन पर्याय: 'अडवा', 'फक्त इशारा द्या', 'दुर्लक्ष करा'. मी एकेक ओळ बदलत होतो आणि मेहुणा मागे उभा राहून बघत होता. चौथ्या-पाचव्या ओळीला त्याला राहवलं नाही.

"दाजी, हे समदं चालू केलं तर जूनमध्ये माणसं मला दुकानात मारतील."

मी म्हणालो, "मारू दे. मागच्या वेळी मी बंद केलं होतं, तेव्हा काय झालं ते विसरलास का?"

तो गप्प बसला. मागच्या वेळचं त्यालाही आठवतं, मलाही आठवतं. आज तेच लिहायचं आहे.

माझी ओळख बहुतेकांना आहे. वीस वर्षं या तालुक्यात बातमीदारी करतोय. पत्रकारितेची पदविका घेतली तेव्हा वाटलं होतं, आता पोटापाण्याचं झालं. तालुक्याच्या बातमीदाराला काय मिळतं, हे ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको आणि ज्यांना माहीत नाही त्यांना खरं वाटणार नाही. म्हणून हंगामात मेहुण्याच्या दुकानात कॉम्प्युटरचं काम बघतो. हे लपवून कधी ठेवलं नाही. पण त्या कामातली एक गोष्ट मात्र लपवली.

२०१९ साली दुकानात बिलिंग सॉफ्टवेअर घेतलं. त्याआधी छापील बिलबुक होतं, कार्बन पेपर घालून लिहायचं. सॉफ्टवेअर बसवायला आलेला पोरगा दोन तासांत सगळं जोडून गेला आणि जाताना म्हणाला, "सर, व्हॅलिडेशन तुम्ही तुमच्या सोयीने लावून घ्या." ते काम माझ्याकडे आलं.

मी मन लावून केलं. साठ्यात माल नसेल तर बिल अडवा. उधारीची मर्यादा ओलांडली तर अडवा. छापील किमतीपेक्षा जास्त दर पडला तर अडवा, कारण त्यात दंड होतो. कराचा दर चुकला तर अडवा. बियाण्यावर जीएसटी नाही, खताला ५ टक्के, कीटकनाशकाला १८ टक्के. पोरांनी चुकून बियाण्याला कर लावला किंवा औषधाचा कर विसरला तर निस्तरायला आम्हीच. दुसऱ्या दुकानदाराला माल दिला तर त्याचा जीएसटी नंबर तपासा. हा नंबर १५ अक्षरांचा असतो, आपल्या राज्याचा २७ ने सुरू होतो, आणि शेवटचं अक्षर आधीच्या चौदांवरून हिशेबाने निघतं. त्यामुळे एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी कॉम्प्युटर लगेच ओळखतो आणि रकाना लाल करतो. मला त्याचं फार कौतुक वाटलं होतं.

आणि मग एक ओळ आली: 'लॉट / बॅच नंबर भरल्याशिवाय बिल देऊ नका.'

ती मी पहिले चार दिवस चालू ठेवली. पाचव्या दिवशी मृगाचा पाऊस झाला.

पहिल्या पावसानंतरची सकाळ ज्यांनी काउंटरच्या आतल्या बाजूने बघितली आहे, त्यांनाच कळेल मी काय म्हणतोय. सात वाजता शटर उघडायच्या आधी पायरीवर तीस-चाळीस माणसं असतात. प्रत्येकाला दुपारच्या आत तिफण धरायची असते. फोनवर ऑर्डरी चालू असतात, व्हॉट्सॲपवर वेगळ्या: "७१ च्या तीन ठेव", "संगम दोन अन् डीएपी पाच, पोरगा येतोय". सोयाबीनच्या एकाच वाणाचे दोन-तीन लॉट गोडाऊनला असतात. लॉट नंबर बॅगेवरच्या टॅगवर असतो, टॅग गोडाऊनला, गोडाऊन मागच्या गल्लीत. काउंटरवरच्या पोराला तो नंबर कुठून दिसणार? तो हाका मारायचा, हमाल ओरडून सांगायचा, अर्धं ऐकू यायचं, रकाना लाल व्हायचा. रांग पुढे सरकेना.

"दाजी, तेवढं काढा," मेहुणा म्हणाला.

मी काढलं. 'अडवा'चं 'दुर्लक्ष करा' केलं. रांग हलली. त्या दिवशी मला हुशारी केल्यासारखं वाटलं होतं.

मग आलं २०२०.

ते साल आठवा. टाळेबंदी, तोंडाला मास्क, दुकानापुढे चुन्याने आखलेले गोल. पण जूनमध्ये पाऊस वेळेवर आला होता आणि माणसं उमेदीने पेरायला लागली होती. आठ-दहा दिवस झाले आणि फोन सुरू झाले. सोयाबीन उगवलं नाही. कुठे तासंच्या तासं रिकामी, कुठे मधे मधे टक्कल. मराठवाड्यात, विदर्भात, सगळीकडून तेच. मी रोज एक-दोन शिवारं फिरत होतो, फोटो काढत होतो, बातम्या देत होतो. वर्तमानपत्रांतल्या बातम्यांवरून मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा आमच्यासारख्या तालुक्याच्या बातमीदारांना आपण काहीतरी केल्यासारखं वाटलं.

त्या दिवसांत मी एक बातमी लिहिली होती: विक्रेते पक्कं बिल देत नाहीत, बिलावर लॉट नंबर टाकत नाहीत, त्यामुळे शेतकऱ्यांच्या तक्रारी टिकत नाहीत. बातमी बरी छापून आली. तालुका कृषी कार्यालयाच्या फळ्यावर कात्रणही लागलं.

त्यानंतर दोन दिवसांनी एक तात्या माझ्या घरी आले. नाव लिहीत नाही, गावही लिहीत नाही. तीन एकर कोरडवाहू, त्यात तिन्ही एकर सोयाबीन. एकही तास धड उगवलं नव्हतं. पेपरात माझं नाव वाचून आले होते. धोतराच्या सोग्यातून घडी केलेलं बिल काढलं आणि म्हणाले, "माझ्याकडे पक्कं बिल हाये. तुम्ही लिवलंय तसं."

बिल आमच्या दुकानाचं होतं.

वर दुकानाचं नाव, परवाना क्रमांक, तारीख, तात्यांचं नाव. खाली 'सोयाबीन बियाणे – ३ बॅग', दर, रक्कम, मागची बाकी, एकूण येणे. सगळं छापील, सुबक. आणि 'लॉट नं.' लिहिलेल्या रकान्यात काहीच नाही.

मी विचारलं, "तात्या, पिशव्या कुठंयत? टॅग?"

पिशव्यांचं मालकिणीने शेणकूट भरायला केलं होतं. टॅग शिवण उसवतानाच शेतात पडले होते. कोण जपून ठेवतं?

तक्रार दिली. तालुका समितीची माणसं शेतावर आली. कृषी अधिकारी होते, कृषी विज्ञान केंद्राचे एक तज्ज्ञ होते. पंचनामा व्यवस्थित केला, हे मी तिथे उभा होतो म्हणून सांगू शकतो. बियाणं किती खोल पडलं ते बघितलं, कारण सोयाबीन तीन ते पाच सेंटिमीटरच्या खाली गेलं तर चांगलं बियाणंही वर येत नाही. पेरताना ओल किती होती ते विचारलं. एका चौरस मीटरमध्ये किती रोपं आहेत ते मोजलं. मग अर्जातला पुढचा रकाना: लॉट क्रमांक. तिथे आडवी रेघ मारली.

त्या आडव्या रेघेने सगळं संपलं. लॉट नंबर असता तर त्याच लॉटची बॅग कुठे शिल्लक आहे का ते बघता आलं असतं, नमुना प्रयोगशाळेत गेला असता, त्याच लॉटच्या दुसऱ्या शेतकऱ्यांच्या तक्रारी जोडता आल्या असत्या. आमच्या गोडाऊनला त्या आठवड्यात त्या वाणाचे दोन लॉट होते. एकाच्या बऱ्याच तक्रारी आल्या, दुसऱ्याच्या फारशा नाहीत. तात्यांच्या तीन बॅगा कोणत्या लॉटच्या, हे मेहुण्याला सांगता येईना, हमालाला सांगता येईना, कॉम्प्युटरला तर मुळीच नाही. कंपनीचा माणूस बिल बघून एवढंच म्हणाला, "आमचीच बॅग होती कशावरून?"

तात्यांनी बिलाची घडी केली आणि मला म्हणाले, "तुमचं माझ्याकडं किती निघतं ते बरोबर लिवलंय. मी काय नेलं तेवढं लिवलं न्हाई."

चिडून नव्हते म्हणाले. पण हे वाक्य माझ्या बातमीपेक्षा जास्त खरं होतं आणि त्याचा जबाबदार मी होतो. दुकानाच्या पैशाचा प्रश्न होता तिथे तिथे मी 'अडवा' लावलं होतं. दुसऱ्या व्यापाऱ्याच्या नंबरातलं एक अक्षर चुकलं तरी लाल दिवा. आणि शेतकऱ्याच्या कामाचा एकच रकाना होता, तो अख्खा कोरा असला तरी कॉम्प्युटर हिरवा, बिल बाहेर.

मेहुण्याने तीन बॅगांची उधारी सोडली. पण दुबार पेरणीची मजुरी, खत, आणि गेलेले पंधरा दिवस कोण देणार? आणि मी? मी त्या विषयावर नंतर चार बातम्या लिहिल्या. पण आमच्या दुकानाच्या बिलावरचा रकाना रिकामा होता आणि तो मी रिकामा सोडू दिला होता, हे एकाही बातमीत लिहिलं नाही. आज पहिल्यांदा लिहितोय.

आता कायद्याचं थोडं. बियाणे कायदा १९६६ चा. त्यानंतर १९८३ चा बियाणे नियंत्रण आदेश, ज्याखाली दुकानदाराला परवाना मिळतो. त्या आदेशात विक्रेत्याने साठा आणि भावाचा फलक लावायला सांगितलाय आणि प्रत्येक ग्राहकाला बिल द्यायला सांगितलंय. रोखीचं असो की उधारीचं, बिल द्यायचंच. 'उधारीचं बिल नंतर देऊ' असं त्यात कुठेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या एका प्रकरणात दोन गोष्टी स्पष्ट केल्या. बियाणं विकत घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, तो ग्राहक मंचात जाऊ शकतो. आणि शेतकरी घेतलेलं सगळं बियाणं पेरून टाकतो, तपासणीसाठी नमुना बाजूला ठेवेल अशी अपेक्षा त्याच्याकडून धरता येत नाही. म्हणजे न्यायालयाने शेतकऱ्याची अडचण ओळखली. पण मंचात जायला हातात बिल तर पाहिजे, आणि त्या बिलावर आपण नेलेली वस्तू कोणती, हे लिहिलेलं पाहिजे. तेवढं काम दुकानातच होतं, पुढे कोणी करू शकत नाही.

म्हणून या मे महिन्यात मेहुण्याला म्हणालो, तपासण्या नव्याने लावू. तो तयार झाला, पण एका अटीवर: रांग अडता कामा नये.

पहिल्या दिवशी मी अतिउत्साहात सगळ्याला 'अडवा' लावलं. गेल्या वर्षीच्या जूनमधल्या ऑर्डरी काढल्या आणि काउंटरवरच्या दोन पोरांना म्हणालो, समजा आज मृग आहे, बिलं करा. अर्ध्या तासात त्यांनी मला शहाणं केलं. लॉट नंबर सक्तीचा केला, तर त्यांनी '१२३' टाकलं. मोबाइल नंबर सक्तीचा केला, तर दहा वेळा ९ दाबला. इशाऱ्याची चौकट आली की न वाचता एंटर. मी एकाला विचारलं, "आत्ता काय लिहून आलं होतं?" तो म्हणाला, "काय की, हो म्हणायचं असतंय तिथं."

यात पोरांची चूक नाही. दिवसाला दोनशे वेळा चौकट आली की कोणीही वाचत नाही. आणि रकाना भरलाय की नाही एवढंच कॉम्प्युटर बघणार असेल, तर माणूस काहीही भरतो. रिकाम्या रकान्यापेक्षा खोटा भरलेला रकाना जास्त वाईट. समितीपुढे '१२३' दाखवून काय करणार?

मग पुन्हा बसलो. आता केलंय ते असं.

लॉट नंबर टाइप करायचाच नाही. कंपनीकडून माल आला की खरेदीच्या नोंदीत लॉट नंबर, तपासणीची तारीख, वैधतेची तारीख, बॅगा किती, हे एकदाच नीट भरायचं. संध्याकाळी, निवांत वेळी. बिल करताना त्या वाणाचे जेवढे लॉट साठ्यात आहेत तेवढेच समोर दिसतात, त्यातला निवडायचा. नसलेला नंबर टाकताच येत नाही.

वैधता संपलेला लॉट यादीत दिसतच नाही. प्रमाणित बियाण्याची वैधता चाचणीपासून साधारण नऊ महिने धरतात, नंतर फेरतपासणी करावी लागते. आधी हे पोरांच्या लक्षावर होतं.

बॅग की किलो, हे वाणागणिक पक्कं केलं. सोयाबीन एकरी ३० किलोच्या हिशेबाने पेरतात, त्यामुळे माणूस कधी "तीस द्या" म्हणतो, कधी "एक द्या". मागे एकदा किलोच्या जागी बॅग पडून ३० बॅगांचं बिल निघालं होतं, साठा आठवडाभर चुकत होता. आता एका ऑर्डरला १० पेक्षा जास्त बॅगा पडल्या तर कॉम्प्युटर विचारतो. हा इशारा दिवसातून एकदोनदाच येतो, म्हणून पोरं तो वाचतात. इशारे असे मोजकेच ठेवले. बाकीचे काढून टाकले.

एक इशारा मात्र मी वेगळ्याच कारणासाठी काढला. सॉफ्टवेअरमध्ये 'सोबतची वस्तू' नावाची सोय आहे. अमुक वस्तूच्या ऑर्डरीसोबत तमुक नसेल तर आठवण करून द्यायची. कोणीतरी, बहुधा मागच्या हंगामात आलेल्या एखाद्या प्रतिनिधीने गोडीगुलाबीने, युरियापुढे एका महागड्या बाटलीचं नाव जोडून ठेवलं होतं. म्हणजे कोणी नुसता युरिया मागितला की काउंटरवरच्या पोराला चौकट यायची: 'सोबतची वस्तू जोडली नाही.' लिंकिंग करू नका म्हणून शासन दर हंगामाला बजावतं, आम्ही बातम्या लिहितो, आणि लिंकिंग असं आमच्याच कॉम्प्युटरमध्ये तपासणीचं रूप घेऊन बसलेलं. मेहुण्याला दाखवलं. तो आधी म्हणाला, "मला ठाऊकच नव्हतं." मग थोड्या वेळाने म्हणाला, "ठाऊक होतं थोडं." काढून टाकलं.

आता खरी अडचण. ती कॉम्प्युटरमधली नव्हतीच.

घाईच्या दिवशी आधी बॅग जाते आणि बिल मागून होतं. उधारीवाल्याचं तर रात्रीच. दिवसभर वहीत लिहायचं, 'अमुक तात्या, सोया ३', आणि रात्री दहा वाजता ती वही समोर ठेवून बिलं काढायची. २०२० सालचं तात्यांचं बिलही तसंच रात्री निघालं होतं, मी नंतर वेळ बघितली. रात्री दहाला कोणाच्या बॅगेचा लॉट कोणाला आठवणार? तिथे लॉट नंबर सक्तीचा केला असता तरी पोराने यादीतला पहिला निवडला असता आणि बिल अगदी अस्सल दिसलं असतं. माल हातातून गेल्यावर केलेली तपासणी ही तपासणी नाही, ती नुसती जुळवाजुळव.

म्हणून नियम उलटा केला. ऑर्डर घेतली की कॉम्प्युटरमधून छोटी चिठ्ठी निघते, त्यावर लॉट नंबर असतो. ती चिठ्ठी हमालाकडे. हमाल टॅग वाचतो, चिठ्ठीशी जुळवतो, खूण करतो आणि मगच बॅग उचलतो. जुळलं नाही तर काउंटरला सांगतो. उधारी असो की रोख, चिठ्ठीशिवाय बॅग गोडाऊनच्या बाहेर नाही. आणि लॉट वेगवेगळ्या थप्प्यांत लावले, प्रत्येक थप्पीवर खडूने नंबराचे शेवटचे चार आकडे. या कामाला कॉम्प्युटर लागला नाही, खडू लागला.

मोजून बघितलं. एका ऑर्डरीला पाऊण मिनिट जास्त लागतं. ऐकायला काहीच नाही. पण शंभर ऑर्डरींना सव्वा तास होतो, आणि मृगाच्या सकाळी सव्वा तास म्हणजे पंचवीस गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात. मेहुण्याची भीती खोटी नाही. तो व्यापारी आहे, त्याला घर चालवायचंय. समोरच्याने कच्च्या चिठ्ठीवर झटपट माल दिला तर लोक तिकडे जाणार, आणि ते लोकही चूक नाहीत, त्यांची ओल उडून चाललेली असते. म्हणून हे एका दुकानाने करून भागणार नाही. तालुक्यातल्या सगळ्या दुकानांनी केलं तरच कोणाचं गिऱ्हाईक तुटणार नाही. त्यासाठी विक्रेता संघटनेच्या बैठकीत मेहुणा हा विषय काढणार आहे. मी बातमीदार म्हणून नाही, त्याच्या दुकानातला कारकून म्हणून सोबत जाणार आहे.

केंद्र सरकारचं 'साथी' पोर्टल २०२३ साली सुरू झालं. बियाण्याची बॅग कुठून निघाली आणि कुठे गेली हे क्यूआर कोडवरून कळावं, असा त्याचा हेतू. चांगलाच आहे. पण गेल्या काही वर्षांत एवढं शिकलोय की कोड स्कॅन बॅग उचलायच्या आधी होतो की रात्री वहीवरून, यावर सगळं अवलंबून राहील. आणि हे दिल्ली-मुंबईत बसून कळत नाही, गोडाऊनच्या दारात उभं राहिलं की कळतं.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. ती फक्त बियाण्याच्या दुकानाची नाही. आता आपला प्रत्येक अर्ज कोणत्या ना कोणत्या कॉम्प्युटरमधून जातो. तुमचं नाव आधारवर एक आणि सातबाऱ्यावर दुसरं असलं की अर्ज अडतो, खाते क्रमांकातला एक आकडा चुकला की अडतो. ठीक आहे, अडलाच पाहिजे. पण अर्ज नामंजूर करणाऱ्याला कारण लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही, अशी तपासणी किती ठिकाणी लावलेली असते? 'अडवा' कुठे लावायचं आणि 'दुर्लक्ष करा' कुठे, हे कोणीतरी माणूसच एका पानावर बसून ठरवतो. एका लहान दुकानात तो माणूस मी होतो, आणि मी माझ्या घरच्यांच्या बाजूने ठरवलं होतं. मुद्दाम नाही. तशी गरजही पडत नाही. घाई आणि सवय पुरते.

शेवटची एक ओळ राहिली होती: उधारीची मर्यादा. २०१९ पासून तिथे 'अडवा' होतं. तात्यांची पुढच्या वर्षीची ऑर्डर त्याच ओळीने अडवली होती. २०२० च्या पिकाने हात दिला नव्हता, खताची जुनी बाकी थकलेली, कॉम्प्युटरने लाल दाखवलं, काउंटरवरच्या पोराने मान हलवली. तात्या काही न बोलता पायरी उतरले. ते आता दुसरीकडून माल घेतात. तिथे उधारी मिळते आणि कोऱ्या कागदावर चिठ्ठी मिळते. म्हणजे आमच्या एका तपासणीने त्यांचा लॉट नंबर घालवला आणि दुसरीने त्यांना जिथे बिलच नाही अशा ठिकाणी पाठवलं.

परवा रात्री ती ओळ मेहुण्याने स्वतः बदलली. 'अडवा'च्या जागी 'मालकाला विचारा'. म्हणाला, "माणूस बघून ठरवतो मी. कॉम्प्युटरला काय कळतंय कोणाचं पीक गेलं ते."

आता तुमच्यासाठी. बियाणं आणायला जाल तेव्हा एवढं करा.

१. बिल घेतल्याशिवाय निघू नका. उधारीचं असलं तरी त्याच वेळी मागा.

२. बिलावर पीक, वाण, कंपनीचं नाव, लॉट नंबर, बॅगा किती, हे आहे का बघा. लॉट नंबर टॅगशी जुळवा. जुळत नसेल तर तिथेच बदलून घ्या. छापलेला नसेल तर दुकानदाराच्या हाताने लिहून सहीशिक्का घ्या.

३. टॅगचा आणि बिलाचा मोबाइलवर फोटो काढा. पिशवी टॅगच्या बाजूने फाडू नका. पिशवी, टॅग आणि मूठभर बियाणं उगवण होईपर्यंत तरी जपा.

४. पेरायच्या आधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. सोयाबीनचे ७० किंवा जास्त उगवले तर बियाणं चांगलं. कमी उगवले तर पेरू नका, आधी तक्रार करा. आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय घाई नको.

५. उगवलं नाही तर मोडायच्या आधी तालुका कृषी कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. मोडलेल्या रानाचा पंचनामा कोणी करू शकत नाही.

दुकानदार मित्रांना एकच विनंती. आज रात्री तुमच्या सॉफ्टवेअरचं ते पान उघडा. किती ओळी तुमच्या पैशासाठी आहेत आणि किती समोरच्या माणसासाठी, ते मोजा. कसं बदलायचं कळत नसेल तर मला फोन करा, मी येऊन लावून देईन. पैसे नकोत, चहा चालेल.

आणि तात्या, तुमचा नातू माझ्या पोस्टी वाचतो हे मला माहीत आहे. त्याने ही वाचून दाखवली तर एवढंच सांगायचं आहे. तो रकाना मी रिकामा सोडला होता. तुम्ही तेव्हा दुकानाला दोष दिला नाहीत, मलाही दिला नाहीत, आणि मी तेवढ्यावर गप्प राहिलो. या वर्षी एकदा दुकानात या. माल घेतलाच पाहिजे असं नाही. बिल कसं निघतं ते बघा आणि त्यात अजून काय लिहायचं राहिलंय, ते सांगा.